सकाळी न उठणारी गाडी

मी गाडी बोलतेय. जिन्याखालची. जरा वाकून बघा, दिसेन. आधी दोन रिकाम्या कुंड्या, मग एका पायाने अधू झालेली खुर्ची, आणि त्या खुर्चीआड मी. रंग विचारू नका. मूळची निळी म्हणतात, पण अंगावर चिखलाचे इतके थर बसले नि उतरले की आता माझीच मला खात्री नाही.

लोक मला डर्ट बाइक म्हणतात. म्हणजे चिखलामातीची, दगडधोंड्यांची गाडी. उंच मान, काटेरी टायर, बसायला फळीएवढी सीट आणि पोटात फोर स्ट्रोक इंजिन. बटण दाबलं की गुणगुणायला लागतात त्या स्कूटरी वेगळ्या. मला किक लागते, आणि तीही मनापासून मारलेली. अर्ध्या मनाने मारलीत तर मी ती परत करते, तुमच्याच नडगीवर.

तुम्ही म्हणाल, गाडीला कशाला हवीय स्वतःची गोष्ट सांगायची हौस? पण अहो, मधे या घरात माझ्यावरून जे काही झालं, त्याचं सगळं खापर माझ्या माथी फुटलं. नाटकी म्हणाले, आळशी म्हणाले, सकाळी न उठणारी म्हणाले. आणि खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तोंड नाही, एवढीच काय ती माझी अडचण. तेव्हा आज बोलूनच टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. मी रडत नाही, गरजत जन्माला आले. तिथल्या एका बाईने मला पहिली किक मारली, कान देऊन ऐकलं, "ठीक" म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली. आयुष्यातलं पहिलं कौतुक एवढंसंच. पण मला ते पुरलं.

पहिला मालक शर्यतवाला. त्याला दोनच गोष्टी मनापासून यायच्या. उंचवट्यावरून उडणं, आणि पडल्यावर हसणं. हवेत असताना तो ओरडायचा, मी गुरगुरायचे. चांगला चालला होता संसार. मग एकदा त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ते जुळून येईपर्यंत त्याच्या बायकोने मला घराबाहेर काढायचं पक्कं करून टाकलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवरा एकच असतो, गाड्या छप्पन्न मिळतात.

मधला काळ एका गोदामात गेला. पत्र्याला टेकून नुसती उभी. कुणाची तरी कोंबडी माझ्या सीटवर येऊन अंडी घालायची आणि घातलं की सगळ्या जगाला ओरडून सांगायची. मला तिचा हेवा वाटायचा. आपण काहीतरी केलं हे सांगता येणं, हे सुख साधं नाही. त्याच गोदामात कधीतरी वाऱ्याबरोबर बारीक वाळू माझ्या आत गेली आणि एका नाजूक जागी ओरखडा काढून बसली. त्याबद्दल पुढे सांगते.

तिथून मला उचललं ते डॉक्टरीणबाईंनी. माणसांच्या नाही, जनावरांच्या डॉक्टरीणबाई. ज्या वस्त्यांपर्यंत जीप जात नाही, तिथे वर डोंगरात जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, गाभण गाईला तपासायचं, लंगडणाऱ्या बकऱ्याचा पाय बघायचा, हे तिचं काम. गोदामात आल्याबरोबर तिने कोंबडीला आधी हळूच बाजूला केलं, तिचे डोळे तपासले, पंख उचलून बघितला आणि मग माझ्याकडे वळली. म्हटलं, बाई कामाची आहे.

आणि होतीच. तिने मला डोंगर दाखवला. शर्यतीच्या मैदानात उडण्यापेक्षा मला डोंगराची वाट जास्त आवडली. कारण वर पोचलं की कुणीतरी वाट बघत असतं. पाठीला बर्फाच्या डब्यातल्या लसी बांधलेल्या, दगडावरून मी उसळले की डबा उसळायचा आणि ती म्हणायची, "हळू गं बये, औषध आहे." माझ्याशी बोलायची ती. एकटीच असली की सगळेच कुणाशी तरी बोलतात.

आता घरची माणसं सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. तीनच आहेत. एक ही डॉक्टरीणबाई, म्हणजे घरची सून. दुसरा तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो. अख्ख्या गावाच्या नाकावर ह्याचे चष्मे, आणि सख्ख्या आईच्या चष्म्याची दांडी गेले कित्येक दिवस दोऱ्याने बांधलेली. आणि तिसऱ्या ह्या आई, म्हणजे सासूबाई.

सासूबाईंबद्दल काय सांगू! बाई सोन्यासारखी, पण नुसतं झोपायला जायचं म्हटलं तरी त्यांची मोहीम निघते. आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना बघायचं. मग न्हाणीघरातला नळ. मग मागचं दार, पुढचं दार, खिडक्या. पुन्हा गॅस. सकाळी उठायच्याही सगळ्यांच्या आधी. उठल्या की गॅस उघडायचा, पाणी भरायचं, दार उघडायचं, म्हणजे मागून उठणाऱ्यांचा खोळंबा नको. हे सगळं न बोलता. केलेलं बोलून दाखवायचं नाही, हा त्यांचा बाणा.

तर एकदा डॉक्टरीणबाईने माझ्यात पेट्रोल भरताना थोडं सांडलं. वास जिन्याने वर गेला. सासूबाईंनी नाक वर केलं.

"अगं, हिची तोटी कुठे असते? रात्री बंद करत जावी."

तोच लेक म्हणाला, "आई, त्या गाडीला हात लावू नकोस हं. तुला त्यातलं काही कळत नाही."

झालं. "कळत नाही" हे शब्द त्यांना लागले. आणि त्या दिवसापासून त्यांच्या मोहिमेत गॅस, नळ आणि दार यांच्या जोडीला मीही आले.

आता माझी तोटी कशी आहे ते ऐका. टाकीच्या खाली एक छोटी दांडी असते, तिला कॉक म्हणतात. दांडी खाली असली की पेट्रोल चालू. आडवी असली की बंद. शेजारी अक्षरं होती कधीकाळी, ती झिजून गेली. डॉक्टरीणबाई शिस्तीची. संध्याकाळी मला जिन्याखाली लावली की दांडी आडवी करायची, म्हणजे बंद.

मग वर निजानीज व्हायच्या आधी सासूबाई यायच्या. चष्मा काढून ठेवलेला. हाताने चाचपून दांडी शोधायच्या आणि उजवीकडे फिरवायच्या. का? तर नळ असो नाहीतर गॅस, उजवीकडे पिळलं की बंद, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. माझी दांडी आडवीची खाली व्हायची. म्हणजे बंद असलेली मी रात्रभर चालू!

आणि सकाळी उठून, सुनेचा खोळंबा नको म्हणून, ती दांडी परत डावीकडे. त्यांच्या हिशेबी उघडली. माझ्या हिशेबी बंद. डॉक्टरीणबाई खाली यायची तेव्हा दांडी जशी तिने ठेवली होती तश्शीच आडवी. तिला संशय यायला जागाच नाही. ती आपली दांडी खाली करायची आणि किक मारायला लागायची.

एका घरात दोन काळज्या, आणि दोघींची एकमेकींशी गाठभेट नाही.

आता तो ओरखडा. माझ्या कार्बोरेटरमध्ये एक वाटी आहे. टाकीतलं पेट्रोल तिच्यात उतरतं. वाटी भरली की आतला तरंगता तुकडा वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट अडवते. त्या सुईच्या टोकावर वाळूने चरा पाडला होता, केसाएवढा. त्यामुळे सुई मिटली तरी पेट्रोल झिरपायचं. चालताना कळायचं नाही, तेवढं मी पिऊन टाकायचे. पण रात्रभर कॉक चालू राहिला की वाटी भरून वाहायची. थोडं खालच्या पोत्यावर, आणि बाकीचं थेट माझ्या छातीत.

माणसाला ठसका लागतो ना, तसा मला सकाळी ठसका लागलेला असायचा. बरं, ते पोतंही सासूबाईंनीच घातलेलं, फरशी खराब होऊ नये म्हणून. त्यामुळे सांडलेलं कुणाला दिसेना. वास मात्र यायचा. आणि वास आला की सासूबाई म्हणायच्या, "नीट बंद झाली नाही वाटतं," आणि त्या रात्री दांडी आणखी जोर लावून फिरवायच्या.

मी तळमळायचे. पण सांगणार कशी?

मग सुरू झाल्या त्या सकाळी. डॉक्टरीणबाई चोक ओढायची. चोक म्हणजे थंडीत पेट्रोल जरा जास्त द्यायची सोय. ठसका लागलेल्याला आणखी पाणी पाजायचं म्हणा ना. एक किक, दुसरी किक, तिसरी. कपाळावर घाम. मग नवरा खाली यायचा, एका गालाला साबण, हातात दाढीचा ब्रश.

"सरक, मी बघतो."

"तू काय बघणार? तुझ्याने स्टॅन्ड निघत नाही."

"अगं, हिला जरा मुठीत धरावं लागतं."

आणि किक मारता मारता हा पठ्ठ्या मूठ करकर पिळायचा. मूठ पिळली की माझ्यात आणखी पेट्रोलची पिचकारी जाते. म्हणजे तिने पाणी पाजलं, ह्याने बादली ओतली.

समोरच्या दुकानातले शिंपीकाका तोंडात टाचण्या धरूनच सल्ला द्यायचे, "हिला दमट हवा बाधते. कापडाचंही तस्संच असतं."

"काका, ती गाडी आहे, परकर नाही," नवरा म्हणायचा.

"परकर निदान वेळेवर तयार होतो," शिंपीकाका टाचणी काढून म्हणायचे.

मग धक्का. नवरा मागून, शिंपीकाका बाजूने, येणाराजाणारा एखादा. गल्लीच्या टोकाला उतार आहे, तिथे कुठे मी खोकत खाकरत सुरू व्हायचे. तोवर ऊन चढलेलं.

तुम्हाला वाटेल, थोडा उशीर झाला तर काय बिघडलं? तिथेच तर सगळं अडलं होतं. वरच्या वस्त्यांवर जनावरं ऊन चढायच्या आत चरायला सोडतात. एकदा सोडली की डोंगरभर पांगली. मग टोचणार कुणाला? डॉक्टरीणबाई वर पोचायची तेव्हा गोठे रिकामे. एक म्हातारबाबा काठीला हनुवटी टेकून म्हणायचे, "बाई, शेळ्या गेल्या. मी आहे, मला टोचा." ती हसायची. उतरताना मात्र माझ्याशी एक शब्द बोलायची नाही.

एक फेरी वाया गेली, मग आणखी एक. खाली तिचे मोठे डॉक्टर चिडले. म्हणाले, पुढच्या सोमवारी साथीची लस आहे, शेवटची संधी. तीही हुकली तर डोंगराची फेरी जीपवाल्या डॉक्टरांकडे देतो. तुम्ही ऑफिसात बसून औषधांचा साठा सांभाळा. आणि जीपवाले डॉक्टर तर रस्ता संपतो तिथेच थांबणारे. जनावरं खाली आणा म्हणणार. कोण आणणार एवढा कळप खाली? म्हणजे वरच्या शेळ्या लशीवाचून राहणार, आणि डोंगर तिचा सुटणार.

ती घरी आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. माझ्याकडे बघत. रागाने नाही. आजारी जनावराकडे बघते तशी.

"काय दुखतंय गं तुझं? सांग की."

सांगितलं असतं हो.

तिने मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री पद्धतीचा माणूस. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, ठिणगी पाहिली. निळी, खणखणीत. हवेचा फिल्टर धुतला. व्हॉल्व्हची फट पट्टी घालून मोजली, नीट केली. कार्बोरेटर उघडला, बारीक छिद्रांतून हवा मारली. सुईपण हातात धरली त्याने. पण दुकानात दिवे गेलेले, आणि चरा केसाएवढा. पुसली आणि परत बसवली. रात्री मला तिथेच ठेवून घेतलं, कॉक बंद करून.

सकाळी डॉक्टरीणबाई घ्यायला गेली. पहिल्या किकला मी सुरू. माझा कंठ असा मोकळा झाला होता म्हणून सांगू!

"बाई, गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "तुम्हाला किक मारता येत नाही."

"मला?" ती म्हणाली. "मी अडलेली म्हैस सोडवते, मला किक मारता येत नाही?"

ती मला घेऊन घरी आली, संध्याकाळी दांडी आडवी केली, सासूबाई निजायच्या आधी आल्या, आणि सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मधेच सासूबाई दोन दिवस लेकीकडे जाऊन आल्या. ते दोन दिवस मी काय वागले! पायाचा नुसता स्पर्श झाला की सुरू. नवरा म्हणाला, "बघ, मी मूठ पिळून पिळून हिला वळण लावलं." सासूबाई परत आल्या, आणि मी पुन्हा मुकी.

तेव्हा हा बोलून गेला. मस्करीतच बोलला, पण बोलला. "आई, ही गाडी तुला घाबरते बघ. तू नसलीस की कशी शहाण्यासारखी चालते. तुझी नजरच लागते हिला."

सगळे हसले. सासूबाईपण हसल्या. पण त्या रात्री खाली आल्या तेव्हा माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबल्या. हाताने सीटवरची धूळ पुसली. "माझी कशाला नजर लागेल गं तुला," म्हणाल्या. "तुझ्यामुळे तर पोर डोंगरावर जाते." आणि दांडी उजवीकडे फिरवली. घट्ट.

माझ्या डोळ्यांत पाणी येतं तर आलं असतं. पेट्रोल मात्र आलं, सगळं भरून.

तो सोमवार उजाडला. लसी बर्फात भरलेल्या, डबा दारात. नवऱ्याने एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आज गाडी सुरू झाली नाही तर दुपारी घेऊन जा, असं सांगून ठेवलेलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. बायकोचे रोजचे हाल बघवत नव्हते त्याला. पण बोलायची रीत अशी, की वाटावं ह्याला मी डोळ्यांसमोर नकोच.

किक सुरू झाल्या. चोक ओढला. काही नाही. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. नवऱ्याने मूठ पिळली. शिंपीकाका दुकान उघडायच्या आधीच येऊन उभे. धक्का दिला, उतारापर्यंत नेलं, खोकले, विझले. परत वर ढकलत आणलं. डॉक्टरीणबाईने हेल्मेट काढलं, पायरीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली.

"जाऊ दे," म्हणाली. "घेऊन जा म्हणावं दुपारी."

सासूबाई कपात चहा घेऊन उतरल्या होत्या. सुनेच्या हातात कप दिला आणि पदराने डोळे टिपले.

"तू का रडतेस आई?" लेक म्हणाला.

"माझीच नजर लागली ना हिला."

"अगं, मी मस्करी केली!"

"मस्करी कर नाहीतर खरं बोल. पण मी काय वाईट केलं रे तिचं? उलट रोज रात्री मीच तर येऊन तिची तोटी बंद करते. आणि पहाटे उठून उघडून ठेवते, हिचा खोळंबा नको म्हणून. एक दिवस चुकवला नाही."

कप तोंडाशी नेलेला डॉक्टरीणबाईचा हात तिथेच थांबला.

"आई, कुठली तोटी?"

"आणि कुठली? ही. टाकीखालची."

"ती तर मी संध्याकाळीच बंद करते!"

"तू करतेस? मग मला कशी रोज उघडी मिळते?"

"उघडी कशी असेल? आई, एकदा करून दाखवा. रात्री करता तश्शी."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांच्या हाताला सवय होती. दांडी आडवी केली, "ही तू ठेवतेस ती. बरोबर? मग मी अशी बंद करते," आणि उजवीकडे फिरवून ती खाली आणली. "आणि पहाटे अशी उघडते." पुन्हा आडवी.

शिंपीकाकांच्या तोंडातून एक टाचणी पडली.

नवरा म्हणाला, "आई, म्हणजे तू रात्रभर..." आणि त्याने पुढचं वाक्य गिळलं, कारण बायकोने त्याच्याकडे बघितलं होतं.

डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसली. माझ्याखालचं पोतं ओढून नाकाला लावलं. मग उठली आणि सासूला मिठी मारली, चहा सांडेल याची पर्वा न करता.

"आई, हिला काही झालेलं नाही. हिचं पोट भरलंय! रात्रभर पितेय ही. आणि मी सकाळी पुन्हा चोक ओढून पाजते."

"म्हणजे मी..."

"तुम्ही नाही, आपण. मी तरी कधी विचारलं तुम्हाला, तुम्ही रात्री खाली का जाता ते?"

मग तिने डॉक्टरचं डोकं लावलं. पोट फुगलेल्या जनावराला आधी मोकळं करायचं असतं. कॉक बंद. चोक आत. इंजिनाला ठिणगी देणारं बटण बंद ठेवून मूठ पूर्ण पिळून धरली आणि सावकाश किक मारत राहिली. दर किकला माझ्या छातीतलं ओलं बाहेर जायचं आणि कोरडी हवा आत यायची. अहाहा! गुदमरलेल्याला खिडकी उघडावी तसं. मग तिने प्लग काढला, पदर शोधला, स्वतःचा नव्हता, सासूबाईंचा घेतला आणि पुसला. परत लावला.

"आता मूठ कुणीही पिळायची नाही," ती म्हणाली. नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बटण चालू. किक हलकेच खाली, जिथे दाब लागतो तिथपर्यंत. परत वर. आणि मग एकच, मनापासून.

मी गरजले. जन्माला येताना गरजले होते तशी. शिंपीकाकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई दचकून दोन पायऱ्या वर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, दांडी खाली कर! बंद आहे ती! वाटेत थांबेल!"

आणि खरंच, कॉक अजून आडवाच होता. वाटीतल्या पेट्रोलवर गल्लीच्या टोकापर्यंतही गेले नसते. सुनेने हसत दांडी खाली केली, डबा बांधला आणि आम्ही सुटलो.

त्या दिवशी मी डोंगर कसा चढले, ते दगडांना विचारा. औषध आहे, हळू, असं ती एकदाही म्हणाली नाही. वर पोचलो तेव्हा म्हातारबाबांचा हात गोठ्याच्या कडीवर होता. कडी निघाली नव्हती. सगळ्या शेळ्या आत. बाबांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "आज मला टोचायची गरज नाही म्हणायची."

संध्याकाळी परत आलो तर गिऱ्हाईक दारात. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि "आमच्या गाडीला नजर लागेल, बघू नका फार," असं म्हणून वाटेला लावलं.

पुढे मिस्त्रीने भर उन्हात सुई धरून बघितली, चरा दिसला, नवी बसवली. बाईला किक मारता येत नाही हे वाक्य त्याने परत घेतलं, तेही शिंपीकाकांच्या देखत. नवऱ्याने आईच्या चष्म्याला नवी दांडी लावली. आणि डॉक्टरीणबाईने काय केलं असेल? आईंना हात लावू नका म्हणाली असेल, असं वाटतं ना? छे. तिने माझ्या कॉकजवळ लाल रंगाचा ठिपका दिला आणि सांगितलं, "आई, दांडी ठिपक्यावर आली की बंद. हे काम आता तुमचं. मी हात लावणार नाही. उघडायचं काम माझं, तुम्ही हात लावायचा नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सासूबाई चष्मा लावून येतात. दांडी ठिपक्यावर आणतात. आणि आता गप्प राहत नाहीत बरं का! जिन्यातूनच हाक देतात, "बंद केली गं!" वरून उत्तर येतं, "ऐकलं!" त्या गोदामातल्या कोंबडीसारखाच आनंद असतो त्यांच्या आवाजात. गल्लीत कुणाचीही गाडी अडली की पहिल्या तिथे पोचतात आणि विचारतात, "चोक आत आहे का? मूठ पिळलीत का? घरात कुणी हात लावला का?"

मी आता थोडी थकलेय. चेन खडखडते, सीट उसवलीय, शिंपीकाका शिवून देतो म्हणालेत, अजून मुहूर्त नाही. पण सकाळी उठते. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच. तुमच्या दाराशी माझ्यासारखी कुणी हटून उभी राहिली तर लगेच शिव्या देऊ नका, लगेच विकायला काढू नका. प्लग बघा, पेट्रोल बघा, हवा बघा. आणि ते सगळं ठीक असेल तर घरातल्यांना विचारा. काळजीपोटी कोण काय करून ठेवतं, हे काळजी करणारे आपणहून सांगत नाहीत.

पण पुरे आता. जिन्यात पावलं वाजतायत. डब्यात बर्फ खळखळतोय. हेल्मेटचा पट्टा लागला. वरून आवाज आला, "दांडी खाली केलीस का गं?" केली. किक दाबापर्यंत आली.

शेळ्या सुटायच्या आत पोचायचंय. येते हं मी.